पाच रुपयांची अस्मिता : मदतीच्या साहित्याची एक तपासणी

'अस्मिता' हा शब्द आपल्या चळवळीला कोणी दान दिलेला नाही. गावकुसाबाहेरचा माणूस 'मीही माणूस आहे' असे म्हणू लागला, तेव्हा त्या म्हणण्याला हे नाव मिळाले. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाच्या ग्रामविकास खात्याने सॅनिटरी नॅपकिनच्या योजनेला हेच नाव दिले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या ११ ते १९ वर्षांच्या मुलीला आठ नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांत, खेड्यातील इतर स्त्रियांना आकारानुसार २४ किंवा २९ रुपयांत, आणि विक्री बचत गटांमार्फत, असा तिचा आराखडा होता. ही योजना वाईट होती असे मला म्हणायचे नाही. ज्या मुलीच्या हाती ते पाकीट पडले तिची सोय झाली, आणि गरिबाच्या सोयीला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझा प्रश्न नावाचा आहे. नॅपकिन ही वस्तू आहे, अस्मिता ही वस्तू नव्हे. वस्तूवर अस्मितेची चिठ्ठी लावली की अस्मिता पोचती झाली, ही समजूत आली कोठून?

ती एकट्या मंत्रालयात जन्मलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीतर्फे आपत्तीत सापडलेल्या स्त्रियांना नॅपकिन, साबण, आतले कपडे यांची जी पिशवी दिली जाते, तिचे नाव 'डिग्निटी किट', म्हणजे प्रतिष्ठेची पिशवी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत परदेशी देणगीदार, कंपन्यांचे सामाजिक निधी, चित्रपट, अहवाल आणि जाहिराती यांनी मिळून मासिक पाळीविषयी बरेच मोठे वाङ्मय उभे केले आहे. मराठीत 'साहित्य' या शब्दाचे दोन अर्थ होतात : वाङ्मय आणि सामान. येथे दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात. म्हणून त्याला मी मदतीचे साहित्य म्हणतो. कथा-कवितांना आपण जे प्रश्न विचारतो तेच या साहित्यालाही विचारले पाहिजेत. यात बोलतो कोण? नायक कोण? आणि कोणाचे दुःख पानाबाहेर राहते? हे प्रश्न मी पालघर, बोईसर-तारापूर या भागात उभे राहून विचारणार आहे. कारण तेथे मदत घेणारा माणूसही राहतो आणि मदतीचा जुना इतिहासही आहे.

१

मराठीत पाळीला आणि अस्पृश्यतेला एकच शब्द आहे : विटाळ. 'बाहेर बसणे', 'कावळा शिवणे', 'शिवाशिव' हे सगळे शब्द एकाच घरातले. सवर्ण स्त्रीच्या वाट्याला महिन्यातून चार दिवस जे येत होते, ते आपल्या संपूर्ण वस्तीच्या वाट्याला बारा महिने होते. आणि दलित स्त्रीच्या वाट्याला दोन्ही आले. या कल्पनेवर पहिला सवाल कोणत्याही परदेशी संस्थेने केलेला नाही. तो चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईने आपल्या अभंगातून केला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा रजस्वलेला अपवित्र ठरवणारा ग्रंथही तोच होता. विटाळ ही आपल्या लेखी अज्ञानाची बाब कधीच नव्हती. ती सत्तेची व्यवस्था आहे. कोण कोणाला शिवायचे, पाणवठ्यावर कोणी जायचे, चुलीशी कोणी बसायचे, हे ठरवण्याची सत्ता.

मदतीच्या साहित्याने ही व्यवस्था बाजूला ठेवली आणि तिच्या जागी 'स्वच्छता' हा शब्द आणला. शब्द निरुपद्रवी दिसतो, पण त्याचे काम पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाळीच्या वेळी 'आरोग्यदायी' साधने वापरणाऱ्या स्त्रिया मोजल्या जातात. त्यात बाजारातील नॅपकिन, स्थानिक नॅपकिन, टॅम्पॉन, कप येतात. फडके येत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते २४ वयोगटातील ६४ टक्के स्त्रिया नॅपकिन वापरत होत्या आणि ५० टक्के फडके. बेरीज शंभराच्या पुढे जाते, याचा अर्थ पुष्कळजणी सोयीप्रमाणे दोन्ही वापरतात. साबणाने धुऊन उन्हात वाळवलेले सुती फडके अपायकारक नसते. ते अपायकारक होते पाणी नसल्यामुळे आणि ते उघड्यावर वाळत घालण्याची चोरी असल्यामुळे. पण पाहणीचा तक्ता पाण्याबद्दल आणि चोरीबद्दल त्या रकान्यात काही विचारत नाही. तो फडक्यालाच दोषी ठरवतो. काल जी विटाळशी होती ती आज अस्वच्छ झाली. सोवळ्याचा वेष बदलला, सोवळे राहिले.

आणि नॅपकिन हाती आल्याने विटाळ जातो काय? जुलै २०२५ मध्ये पालघरला लागून असलेल्या ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. 'हे कोणाचे' म्हणून मुलींना जमवून त्यांची अंगझडती घेण्यात आली. पालक रस्त्यावर आले, गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या शाळेत फी भरणाऱ्या पालकांच्या मुली होत्या. तेथे उणीव नॅपकिनची नव्हती. रक्ताचा डाग हा गुन्हा आहे आणि गुन्हेगार हुडकलाच पाहिजे, ही नजर तेथे होती. ही नजर कोणत्याही पाकिटातून बदलून मिळत नाही.

२

आता या साहित्यातील कथा पाहू. 'पॅडमॅन' हा हिंदी चित्रपट ९ फेब्रुवारी २०१८ रोजी आला, म्हणजे अस्मिता योजनेच्या आधी एक महिनाही नाही. कोइंबतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी स्वस्त नॅपकिनचे यंत्र तयार केले, त्यांच्या आयुष्यावर तो बेतलेला आहे. कष्टकरी माणसाची जिद्द मोठी आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण कथेची घडण तपासली पाहिजे. गाव नायकाला हाकलते, बायको माहेरी जाते, आणि त्याचे म्हणणे खरे होते ते कोठे? न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर, मोडक्या इंग्रजी भाषणाला टाळ्या पडतात तेव्हा. मग गाव त्याला हारतुरे घालते. गावातल्या बाईने दिलेला निवाडा या कथेत पुरेसा ठरत नाही, त्यावर परदेशाचा शिक्का लागतो. शिवाय बाईच्या शरीराच्या या कथेत नायक पुरुष आहे आणि बाई त्याच्या प्रयोगाची अडचण आहे.

२०१९ साली ऑस्कर मिळवणारा 'पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.' हा माहितीपट याहून प्रामाणिक आहे. लॉस एंजेलिसच्या ओकवुड शाळेतील मुलींनी पैसे जमवले, त्यातून उत्तर प्रदेशच्या हापुड जिल्ह्यातील काठीखेडा गावात नॅपकिनचे यंत्र आले, आणि गावातल्या बायका ते चालवू लागल्या. येथे बाई स्वतः बनवते, स्वतः विकते, स्वतः कमावते. आपल्या कमाईकडे पाहतानाचा तिचा चेहरा कोणत्याही अहवालापेक्षा अधिक सांगतो. परदेशी पैसा म्हणजे कटच, असे मानणाऱ्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा. तरीही त्यातील दोन मौने डाचतात. जातीचा प्रश्न हा चित्रपट विचारत नाही. गाव म्हणजे एकजिनसी गरिबी, असे परक्या प्रेक्षकाला वाटावे अशीच ती मांडणी आहे. आणि यंत्रातून बाहेर पडलेले पॅड वापरल्यावर कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न कथेच्या केंद्राशी कधी येत नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

मुंबईतही असे घडले आहे. २०१८ च्या मे महिन्यात ब्रिटिश राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल यांचे लग्न झाले. आहेराऐवजी सात संस्थांना देणगी द्या, असे त्यांनी पाहुण्यांना सांगितले. त्या सातांत ब्रिटनबाहेरची एकच संस्था होती : गोवंडीत काम करणारी मैना महिला फाउंडेशन. वस्तीतल्या बायका तेथे नॅपकिन बनवतात आणि दारोदार जाऊन विकतात. काम चांगले आहे. पण जगभरच्या वर्तमानपत्रांत गोवंडी छापून आली ती राजवाड्याच्या लग्नामुळे. वस्तीचे दुःख बातमी होण्यासाठी राजपुत्राचे लग्न लागावे लागते, हा मदतीच्या साहित्याचा नियमच आहे. त्यात देणाऱ्याला नाव असते, घेणाऱ्याला 'लाभार्थी' हे सामान्यनाम.

३

या साहित्याचा दुसरा आधार आकड्यांचा. २०१० च्या सुमारास ए. सी. निल्सन या बाजारपाहणी कंपनीची एक पाहणी गाजली. भारतात फक्त १२ टक्के स्त्रिया नॅपकिन वापरतात, असा तिचा निष्कर्ष होता. विचारलेल्या स्त्रिया हजाराच्या आसपास, देश सव्वाशे कोटींचा. पण हा आकडा अर्जापासून अग्रलेखापर्यंत वर्षानुवर्षे फिरत राहिला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते २४ वयाच्या ५८ टक्के स्त्रिया 'आरोग्यदायी' साधने वापरताना आढळल्या. वयोगट वेगळा, मोजणी वेगळी, हे मान्य. तरी १२ आणि ५८ यांच्यातले अंतर मोजणीच्या फरकाने भरून निघणारे नाही. आपली गरिबी जितकी भीषण दिसेल तितका निधी मोठा, असे गणित एकदा बसले की आकड्याची चौकशी कोणी करीत नाही.

तिसरा आधार शाळेचा : नॅपकिन नाही म्हणून मुली शाळा सोडतात. एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्न्टन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेपाळमध्ये काही मुलींना पाळीचे कप देऊन पाहिले. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मुलींना कप आवडले, धुण्याचे कष्ट वाचले. पण शाळेच्या हजेरीत फरक पडला नाही. पाळीमुळे बुडणारी शाळा मुळातच वर्षाला अर्ध्या दिवसाहून कमी निघाली. एका अभ्यासावरून सगळे जग ठरत नाही. पण हा अभ्यास आपल्या कार्यकर्त्यांनी वाचावा, कारण तो दोन गोष्टी वेगळ्या करतो. मुलीला सोय हवी आहे, ती तिला मिळालीच पाहिजे, आणि त्यासाठी हजेरीचे कारण पुढे करण्याची गरज नाही. दुसरे, मुलगी शाळा सोडते त्याची कारणे दुसरीकडे शोधली पाहिजेत.

पालघरमध्ये ती शोधायला फार लांब जावे लागत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे येथील सुमारे ३७ टक्के लोक आदिवासी, जव्हार-मोखाड्यात तर दहांतले नऊ. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली तेव्हा साऱ्या देशाला या भागाचे नाव कळले. दिवाळी झाली की येथून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला बरोबर जाते. तिची शाळा तेथे सुटते. भट्टीवर संडास नाही, आडोसा नाही, पाणी मोजके. अशा मुलीच्या हातात नॅपकिन दिले तर ती ते बदलणार कोठे? मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, सूर्येचे पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळवले आहे. धरण ज्या डोंगरात, तेथली बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन पायपीट करते. तिला 'स्वच्छतेचे महत्त्व' समजावून सांगणारे भित्तिपत्रक छापणे ही क्रूर थट्टा आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गोष्ट २०१९ साली बाहेर आली. पाहणी केलेल्या ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकींची गर्भाशये काढलेली होती. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पोटात दुखले की डॉक्टर गर्भाशय काढायला सांगतो. यातल्या कितीतरीजणी दलित आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या. येथे प्रश्न फडक्याचा की नॅपकिनचा हा नाहीच. तो मजुरीच्या कराराचा आहे. मदतीचे साहित्य पाळीचा विचार करते, पण पाळी येणाऱ्या बाईच्या मजुरीचा करीत नाही.

४

बोईसर-तारापूर हे मदतीचे जुने ठाणे आहे. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार तारापूरची अणुभट्टी उभी राहिली. यंत्रे जनरल इलेक्ट्रिक कंपनीची, आणि कर्ज अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे, म्हणजे युसेडचे. १९६९ साली वीज सुरू झाली. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेचा सूर बदलला, १९७८ साली तिने नवा कायदा केला, इंधनाची अडवणूक झाली, आणि १९८२ साली फ्रान्सला मध्ये यावे लागले. देणाऱ्याचे मन फिरले की घेणाऱ्याचे काय होते, याचा धडा या किनाऱ्याने तेव्हाच घेतला आहे. पुढे भट्ट्या तीन आणि चारसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलली.

तीच युसेड १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि जगभरचे आरोग्य प्रकल्प अडकले. ब्रिटनने त्याआधीच, २०२१ साली, आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली होती. आपल्याकडे परकीय देणगी कायदा आणीबाणीत, १९७६ साली आला. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी घातली. त्याचा फटका बसला तो पाड्यावर काम करणाऱ्या लहान संस्थांना, ज्यांना दिल्लीचे खाते आणि हिशेबनीस परवडत नाहीत. म्हणजे वर देणाऱ्याची मर्जी आणि मध्ये सरकारची मर्जी. अणुभट्टीला दुसरा पुरवठादार मिळाला. पाड्यावरच्या मुलीसाठी कोणता फ्रान्स धावून येणार?

अणुभट्टीच्या शेजारी औद्योगिक वसाहत आहे : रसायने, औषधे, कापड, पोलाद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात पहिले आले. नवापूरच्या समुद्रात सांडपाणी गेले, मासे गेले, तेव्हा मांगेला समाजाची परिषद हरित न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. अशा वसाहतींत ठेकेदारामार्फत राबणाऱ्या बाईचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते, म्हणून कंपनीच्या जबाबदारीतही नसते. स्त्रियांसाठी वेगळ्या संडासाची अट १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आहे. ती पाळली जाते की नाही हे पाहणे निरीक्षकाचे काम. कंपनी सामाजिक निधीतून शेजारच्या शाळेत नॅपकिनचे यंत्र बसवील, उद्घाटनाचे छायाचित्र छापील. पण आपल्याच फाटकाच्या आत ठेकेदाराच्या बाईला कामाच्या वेळी दहा मिनिटांची सुट्टी आणि कडी असलेला संडास देणे हे दान नव्हे, कायदा आहे. दान छापून येते, कायदा पाळला हे छापून येत नाही. कार्यकर्त्यांनी यंत्राच्या उद्घाटनाला जावे, पण येताना कारखान्याच्या संडासाची चौकशी करून यावे.

५

आता वापरलेल्या पॅडकडे येऊ. बाजारातल्या पॅडचा बराचसा भाग प्लास्टिकचा असतो, तो कुजत नाही. शहरात तो कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात जातो आणि तो डबा जिच्या हाताने निवडला जातो ती बाई बहुतेक वेळा मातंग किंवा बौद्ध असते. पुण्यातील कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. २०१३ साली या बायकांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. त्यांचे म्हणणे एवढेच होते : माल तुमचा, नफा तुमचा, मग घाण आमच्या हाती का? पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी पाकिटाबरोबर गुंडाळण्याची पिशवी द्यावी, अशी तरतूद आली.

माझ्या मते पाळीविषयीच्या सगळ्या मदतसाहित्यातील सर्वांत महत्त्वाची कृती हीच आहे, आणि ती कोणत्याही देणगीदाराच्या अहवालात लिहिलेली नाही. एका मुलीला विटाळातून सोडवण्यासाठी दिलेली वस्तू दुसऱ्या बाईच्या हाताला विटाळ म्हणून चिकटते. बहुतेक वेळा दोघीही आपल्याच. लाभार्थ्यांच्या यादीत पहिली असते, दुसरी नसते. सवर्ण घरातील बाईची सुटका दलित बाईच्या हातावरून होत असेल तर त्या सुटकेला स्त्रीमुक्ती म्हणायचे की विटाळाची बदली? स्त्रीवादी मैत्रिणींनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. त्या देतील असा विश्वास आहे.

६

कोणी म्हणेल, टीका सोपी आहे. मुलीला आज पॅड हवे आहे, तिने क्रांतीची वाट पाहायची काय? मुळीच नाही. पॅड घ्यावे. परदेशी असो की सरकारी, घ्यावे. पैशाच्या रंगावरून सोवळे पाळणे हे आपले काम नव्हे. १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध छापला गेला तो अमेरिकन मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'त. त्यात तिने बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या आपल्या बायकांचे हाल मांडले. कागद परदेशी पैशाचा होता, पण बोलणे तिचे होते. ती कोणाची लाभार्थी म्हणून बोलली नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेली, स्वतःच्या जातीच्या बाईचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडणारी ती लेखिका होती. मदत तपासण्याची कसोटी तिने घालून दिली आहे : पैसा कोणाचा यापेक्षा तोंड कोणाचे, हे पाहा.

दुसरी कसोटी बाबासाहेबांची. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले. बाबासाहेबांनी ते उचलून धरले. कामगार बाईला बाळंतपणात विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. १९२९ साली कायदा झाला. त्यांनी बाळंतिणीसाठी वर्गणी मागितली नाही, कायदा मागितला. केनियाने २०१७ साली शाळेतील मुलींना नॅपकिन देणे कायद्याने सरकारवर बंधनकारक केले. स्कॉटलंडने २०२० साली सर्वांसाठी तसा कायदा केला. आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजी नॅपकिनवर १२ टक्के कर लागला आणि स्त्रियांच्या ओरडीनंतर जुलै २०१८ मध्ये तो उठला. १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील मुलींसाठी देशभर एकसारखे धोरण आखण्यास केंद्राला सांगितले. ही सगळी वाट मदतीची नाही, हक्काची आहे. मदत थांबली तर आभार मानून गप्प बसावे लागते. हक्क थांबला तर मोर्चा काढता येतो.

तेव्हा यापुढे पाकीट वाटायला कोणी आश्रमशाळेत आले, तर शिक्षकांनी स्वागत करावे आणि चार प्रश्न विचारावेत. पाणी कोठून येणार? संडासाला कडी आहे काय? वापरलेले पॅड कोण उचलणार आणि तिला हातमोजे व पगार कोण देणार? आणि पुढच्या वर्षी तुम्ही आला नाहीत तर पाकीट कोण देणार? या चारही प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतीच्या, आदिवासी विकास प्रकल्पाच्या आणि शासनाच्या अंदाजपत्रकात लिहिलेली दिसली पाहिजेत.

आणि आपल्या लेखिकांना एक विनंती. बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांनी आपल्या आत्मकथनांतून दलित स्त्रीचे जगणे मराठीत आणले, तेव्हा कोणताही प्रकल्प त्यांच्या मागे नव्हता. वीटभट्टीवरची मुलगी, तारापूरची ठेकेदारीवरची बाई, कचऱ्याचा डबा निवडणारी मावशी यांचे लेखन अजून यायचे आहे. ते येईपर्यंत त्यांच्याविषयी दुसरेच बोलत राहतील, आणि पाच रुपयांच्या पाकिटाला अस्मिता म्हणत राहतील.